आकडा उतरला, पण माणूस वाचला का?

१२ एप्रिल १९४५ची दुपार. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या घरात बसलेले अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट डोकं फार दुखतंय म्हणाले आणि कोसळले. त्यांचा रक्तदाब भरला ३००/१९०. दोन-अडीच तासांत मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले.

हे अचानक झालं नव्हतं. वर्षभरापूर्वीच त्यांचा रक्तदाब १८६/१०८ होता. तो डॉक्टरांना दिसत होता, पण द्यायला धड औषधच नव्हतं. शिवाय कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला शरीरच दाब वाढवतं, म्हणून तो उतरवू नये, असंही बरेच डॉक्टर मानत.

आज आजीच्या डब्यात बीपीची गोळी असते. मधली गोष्ट मुंबईतून जाते.

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे जुनंच औषध. १९३१मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावरच्या तिच्या गुणाबद्दल लिहिलं होतं. पण जगाचं लक्ष गेलं १९४९मध्ये. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचे आपले निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं. १९५७मध्ये वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

सर्पगंधेने आकडा उतरतो, हे दिसलं. पण आकडा उतरला म्हणून माणूस वाचतो का? त्यासाठी तुलना हवी होती.

ती केली डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. ७३ जणांना खरी औषधं, त्यात रेसरपिनही होतं. ७० जणांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या. १९६७मध्ये निकाल छापला गेला. औषध नसलेल्या गटात पक्षाघात, हृदय निकामी होणं असे २७ गंभीर प्रसंग घडले. औषध घेणाऱ्यांत फक्त २. औषध द्यावं की नाही, हा प्रश्न निदान इतक्या चढलेल्या रक्तदाबापुरता मिटला.

मग गोळ्या वाढल्या आणि नवा प्रश्न आला: कोणती चांगली? १९९४मध्ये अमेरिकेच्या सरकारी हृदयसंस्थेने ‘ऑलहॅट’ ही प्रचंड चाचणी सुरू केली. ५५ वर्षांवरचे ४२ हजारांहून जास्त रुग्ण आणि चार औषधं: लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणारं जुनं, स्वस्त क्लोरथॅलिडोन, आणि त्याच्यासमोर अॅम्लोडिपिन, लिसिनोप्रिल, डॉक्साझोसिन.

२०००मध्ये डॉक्साझोसिनचा गट मध्येच थांबवावा लागला. त्याने रक्तदाब जवळपास क्लोरथॅलिडोनइतकाच उतरत होता. तरीही हृदय निकामी होण्याचं प्रमाण दुप्पट निघालं. नुसता आकडा बघितला असता, तर हे कळलंच नसतं.

डिसेंबर २००२मध्ये उरलेल्या तिघांचा निकाल लागला. हृदयविकाराचे झटके रोखण्यात तिघं बरोबरीचे. हृदय निकामी होणं टाळण्यात मात्र स्वस्त क्लोरथॅलिडोन पुढे. वादही झाले. लिसिनोप्रिल घेणाऱ्यांचा रक्तदाब तितका उतरलाच नव्हता, मग तुलना बरोबरीची कशी, असं टीकाकार म्हणाले. पण ‘नवं आणि महाग म्हणजे चांगलं’ हे गृहीत धरणं त्यानंतर अवघड झालं.

या चाचणीत एका गोळीने भागलं नाही, तर जोडीला द्यायच्या औषधांची यादी होती. त्यात एक नाव होतं रेसरपिन.

आजीची गोळी कोणती, हे तिचे डॉक्टर ठरवतील; आपण ती परस्पर बदलायची नाही. पुढच्या वेळी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलात, तर एवढं जरूर विचारा: ही गोळी कशाशी तुलना करून निवडली?