डोकेदुखीची गोळी, वयाची अट आणि आपला यवतमाळ



आपल्या राज्यात बियर घ्यायची तर वय २१ लागतं, कडक दारूला २५. तंबाखू-सिगारेट १८ च्या आतल्या पोराला विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, शाळेपासून १०० यार्डांत तर कोणालाच विकता येत नाही. अ‍ॅसिडचं म्हणाल तर १८ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला, तेव्हापासून ओळखपत्र दाखवा, कशाला पाहिजे ते सांगा आणि वय १८ पूर्ण पाहिजे. हे किती पाळलं जातं तो वेगळा विषय. पण कागदावर तरी आहे. डोकेदुखीच्या गोळीला मात्र कागदावरही वयाची अट नाही. आठवीतलं पोरगं अख्खी स्ट्रिप मागायला आलं तरी दुकानदाराने काय करायचं, हे कायदा सांगत नाही.

असं का, म्हणून मी जुन्या गोष्टी चाळत बसलो. आपल्याकडे औषधाचा कायदा जन्मला तो दुखण्यावरच्या गोळीमुळे नाही, हिवतापामुळे. त्या काळी क्विनाइनच्या पुड्या पोस्टात विकत मिळायच्या, आणि बाजारात भेसळीचं क्विनाइनही भरपूर होतं. त्यावर ओरड झाली म्हणून १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोपडा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालातून पुढे १९४० चा औषध कायदा आला आणि १९४५ चे नियम आले. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. त्या कायद्याची सगळी काळजी एकाच गोष्टीची: औषध खरं आहे की खोटं. विकत घेणारा कोण, त्याचं वय काय, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोक्यातच नव्हता.

खरं तर लेकरांचा प्रश्न त्याच वर्षांत समोर आला होता, फक्त दुसऱ्या खिडकीतून. १९३१ च्या शाही कामगार आयोगाने नोंदवलंय की गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना अफू देऊन झोपवत. मुंबईत त्या गोळ्यांना बाळागोळी म्हणत. म्हणजे दुखणं दाबायचं औषध लेकराच्या पोटात जाणं नवीन नाही. त्याची काळजी मात्र औषध कायद्याने नाही, अफूच्या कायद्याने केली.

आता मुख्य गोष्ट. या नियमांना 'के' नावाचं एक परिशिष्ट आहे. त्यात ज्या गावाची लोकसंख्या एक हजारापेक्षा जास्त नाही, तिथे काही घरगुती औषधं परवान्याशिवाय विकायला मुभा दिली आहे. यादी वाचली की आपल्या किराणा दुकानाची फळीच डोळ्यासमोर येते: अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, टिंक्चर आयोडीन, एरंडेल, आणि हो, क्विनाइनच्या गोळ्याही. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीकडचे कोलामांचे पोड डोळ्यासमोर आणा. बहुतेक पोडांची वस्ती हजाराच्या कितीतरी आत. दवाखाना लांब, मेडिकल त्याहून लांब. तिथे ही सूट म्हणजे मेहेरबानी नाही, गरज आहे. कापूस वेचून पाठ आणि बोटं ठणकतात तेव्हा बाईला रात्री गोळी लागते. ती फळीवर नसेल तर कुठे जाईल?

पण त्याच सुटीत एक अट आहे, ती फार कमी लोकांना माहीत आहे. माल मूळ, न उघडलेल्या पॅकिंगमध्येच विकायचा. आपल्याकडे काय होतं? कात्री घेतात, स्ट्रिपमधून दोन गोळ्या कापून देतात. "काकाजी, डोक्याची गोळी द्या न दोन." पाच-दहा रुपयांत काम होतं. कापलेल्या तुकड्यावर नाव अर्धं, मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर. कायद्याने हे चूकच.

आता गंमत पाहा. इंग्लंडने सप्टेंबर १९९८ मध्ये नेमकं हेच कायदा करून केलं, फक्त नीट छापील वेष्टनात. साध्या दुकानात पॅरासिटामॉलच्या एका पाकिटात १६ गोळ्या, औषध दुकानात ३२. कारण घरात ढीग पडलेला असला की वाईट क्षणी माणूस तो उचलतो, आणि पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृत जातं. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात अशा मृत्यूंत ४३ टक्के घट दिसली. वयाचं म्हणाल तर तिथे कायदा नाही, मोठी दुकानं आपणहून १६ च्या आतल्यांना देत नाहीत. डेन्मार्कने २०११ मध्ये थेट १८ ची अट घातली आणि दोन वर्षांनी पाकीटही लहान केलं. स्वीडनने २०१५ मध्ये या गोळ्या साध्या दुकानांतूनच काढल्या.

भारताने वेदनाशामकाचं पाकीट लहान केलंच नाही असंही नाही. केलं आहे, २०१५ मध्ये. डायक्लोफेनॅक इंजेक्शनची बाटली ३ मिलीवर आणली. कोणासाठी? गिधाडांसाठी! माणसांची मोठी बाटली जनावरांना टोचली जायची आणि मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरायची. गिधाडं वाचलीच पाहिजेत, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण पाकीट लहान केल्याने जीव वाचतो हे सरकारला पटतं, एवढं यावरून दिसतं.

मग वयाची अट घालायची का? माझं मत विचाराल तर आपल्या भागात एकटी ती अट उलटी पडेल. आईबाप ऊसतोडीला किंवा तेलंगणात कामाला गेलेले, घरात आजी आणि नातू. गोळी आणायला कोण जातं? नातूच जातो. शाळेत पाळीच्या दुखण्याने बेजार झालेली पोरगी आधार कार्ड घेऊन दुकानात जाईल का? ती लाजेने जाणारच नाही, दुखणं सोसेल. म्हणून वयाआधी मोजमाप पाहिजे. एका वेळी लहान, पूर्ण छापील पाकीट, त्यावर मराठीत मोठ्या अक्षरात किती आणि किती तासांनी. आणि अख्ख्या चार स्ट्रिप मागणाऱ्या पोराला "कोणासाठी रे?" एवढं विचारायची दुकानदाराला सवय. कात्रीने आज जे अर्धवट होतंय तेच नीट होईल.

शेतीवर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायची गरज नाही. २०१७ च्या फवारणीच्या दिवसांत आपण पाहिलंय, की बाटलीवरचं लेबल कोणाला वाचता येत नाही तेव्हा काय होतं.

नोंद ठेवणं जमत नाही असंही कोणी म्हणू नये. २०२० मध्ये कोरोनात तेलंगणासारख्या राज्यांनी ताप-खोकल्याची गोळी नेणाऱ्याचं नाव लिहून घ्यायला मेडिकलवाल्यांना लावलंच होतं.

मे २०२२ मध्ये केंद्राने १६ औषधं चिठ्ठीशिवाय विकण्याचा मसुदा काढला, त्यात पॅरासिटामॉल ५०० होतं. अटी पाच दिवसांच्या वापराच्या आणि त्या हिशेबाच्या पाकिटाच्या. म्हणजे दिल्लीतही विचार पाकिटापर्यंत पोचला होता. मग २०२५ मध्ये छिंदवाड्यातली लेकरं खोकल्याच्या सिरपने गेली, त्यातली कित्येक आपल्या नागपुरात उपचाराला होती. त्यानंतर 'के' परिशिष्टातल्या त्याच यादीतून सिरप वगळायचा प्रस्ताव आला. यादी उघडलीच आहे तर गोळ्यांच्या पाकिटाचंही त्याच बैठकीत बघता येईल. पोडावरच्या आजीची गोळी मात्र त्यात काढून घेऊ नका, एवढं आपल्या खासदार-आमदारांनी आत्ताच सांगायला हवं.