चाल, गळा आणि जागा

‘ही चाल तुम्हांला कशी सुचली?’ असे संगीतकाराला विचारले की बहुधा दोन तऱ्हांची उत्तरे मिळतात. एका तऱ्हेत गुरुकृपा असते, ईश्वरी देणे असते, प्रवासात अवचित सुचलेला मुखडा असतो. दुसऱ्या तऱ्हेत कलावंत व्यवहाराचे बोलतो. पद कोण म्हणणार होते, त्याची पट्टी कोणती, वर कुठपर्यंत गळा जातो, साथीला पेटी होती की ऑर्गन, हातात किती मिनिटे होती. वाचकाला पहिले उत्तर आवडते. अभ्यासकाने मात्र दुसरे जपून ठेवावे, कारण पडताळून पाहता येते ते तेवढेच.

मराठीत असा ऐवज पुष्कळ आहे. गोविंदराव टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’, केशवराव भोळे यांचे ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’, जी. एन. जोशी यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’, यशवंत देव यांचे ‘शब्दप्रधान गायकी’, प्रभा अत्रे यांचे ‘स्वरमयी’. ही पुस्तके लागोपाठ वाचली की माझ्या मते एक सूत्र हाती लागते: चाल ही अमुक एका गळ्यासाठी आणि अमुक एका जागेसाठी बांधलेली असते. गळा बदलला किंवा गाण्याची जागा बदलली की स्वर तेच राहूनही चालीचा अर्थ बदलतो. म्हणून रचनेचा विचार प्रत्यक्ष गाण्यापासून तोडून करता येत नाही, आणि कलावंताची कारकीर्द म्हणजे बऱ्याच अंशी या दोहोंच्या जुळणीचा इतिहास असतो.

आधी गळ्याचे पाहू. पुरुष गायक साधारणपणे काळी एक किंवा तिच्या आसपासची पट्टी घेतो. बाई काळी चार, काळी पाच. काळी एकचा षड्ज धरला तर काळी चार हा त्याचा पंचम होतो. म्हणजे दोघांच्या स्वाभाविक षड्जांत पाच सुरांचे अंतर पडते. युगुलगीत बांधणाऱ्याला पहिली अडचण येते ती इथे. पुरुषाच्या पट्टीत गाणे ठेवले तर बाईच्या ओळी पंचमाच्या वर खेळवाव्या लागतात. बाईच्या पट्टीत ठेवले तर पुरुषाला मंद्रात तरी उतरावे लागते किंवा तारसप्तकात ताणावे तरी लागते. अनेक युगुलगीतांत तिच्या ओळी वरच्या अंगाने आणि त्याच्या खालच्या अंगाने जातात. ऐकणाऱ्याला त्यात भावनेचा डौल जाणवतो. तो असतोही, पण पेटीवर बसल्यावर आधी सुटलेला प्रश्न पट्टीचा असतो.

जागेचा परिणाम सर्वांत स्वच्छ दिसतो तो संगीत रंगभूमीवर. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणले तेव्हा त्यात दोनशेवर पदे होती. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा लोकांच्या कानांवर आधीच रुळलेल्या चालींवर त्यांतली पुष्कळशी बेतलेली होती. पद कथा पुढे नेई आणि संपे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’ रंगभूमीवर आले तेव्हा हे गणित पालटले. टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या आणि ख्यालातल्या चिजा निवडल्या, आणि त्या चालींच्या मापाने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी शब्द भरले. चाल आधी, शब्द मागून. खाडिलकरांच्या पदरचना क्लिष्ट आहेत, अन्वय लागत नाही, अशी तक्रार तेव्हापासून चालत आली आहे. ती खरी आहे, तरी तिचे कारण कवित्वाच्या उणिवेपुरते नाही. तयार चालीत दीर्घ स्वराला दीर्घ अक्षर लागते, समेवर ठसठशीत अक्षर लागते, ताना घ्यायच्या तर ओळीच्या शेवटी आकार मोकळा हवा असतो. या अटी सांभाळताना समासांची गर्दी होते, क्रियापद भलत्या ठिकाणी जाते. वाचायला अवघड जाणारी ती ओळ बालगंधर्वांच्या गळ्यात मात्र अडखळत नाही, कारण ती मुळात वाचण्यासाठी केलेलीच नव्हती.

त्या काळच्या नाट्यगृहात ध्वनिक्षेपक नव्हता. आवाज शेवटच्या बाकापर्यंत नटाच्या छातीच्या बळावर जायचा. म्हणून पदाचा जीव तारषड्जाच्या आसपासच्या लांब आकारात ठेवायचा आणि महत्त्वाचे शब्द आरंभी, श्रोत्याचे लक्ष ताजे असताना सांगून टाकायचे. शिवाय ‘वन्स मोअर’ होता. त्याला प्रेक्षकांची हौस म्हणून सोडून देणे चूक आहे. रचनेची ती एक अटच होती. पुन्हा पुन्हा म्हटले जाणारे पद लहान, स्वयंपूर्ण आणि समेवर झेप घेणाऱ्या मुखड्याचे असावे लागते, आणि अस्ताईत दर खेपेला नवे काही करायला जागा असावी लागते. या साऱ्या गोष्टी बैठकीतल्या ठुमरीत आयत्याच होत्या. टेंब्यांनी ठुमरीकडे वळण्यामागे त्यांची आवड होती तशीच ही सोयही होती. पुढे १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि नाट्यपद बैठकीच्या ख्यालाशी आणखी जवळ आले.

एकाच रचनाकाराच्या चाली दोन वेगळ्या गळ्यांत काय होतात याचा जाहीर प्रयोग ८ जुलै १९२१ रोजी झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. एकाचा गळा चढा, तडफेचा. दुसऱ्याचा आर्जवी, शब्द सुरात विरघळवणारा. कोण सरस यावर रसिक पुढे वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर येत राहिले. मला त्या वादापेक्षा ती परीक्षा पेलणाऱ्या चालींचे मोल अधिक वाटते. तीन महिन्यांच्या आतच केशवराव वारले, त्यामुळे त्या जोडीचा पुढचा अभ्यास कोणालाच करता आला नाही.

केशवराव भोळ्यांनी या परंपरेला उलटा प्रश्न विचारला. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. दिवाणखान्यातली माणसे रोजच्यासारखे बोलत आहेत, स्त्रियांची कामे स्त्रियाच करीत आहेत, आणि मधेच एखादे पात्र पाच मिनिटे ताना घेऊ लागले तर तो दिवाणखाना क्षणात मोडतो. म्हणून गाणी मोजकी, आटोपशीर, प्रसंगातून उगवणारी. भोळे हे साक्षेपी समीक्षक असल्यामुळे आपण काय टाळतो आहोत ते त्यांना नेमके ठाऊक होते, आणि तसे ते लिहितातही. ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेत त्यांना याहून अनुकूल जागा मिळाली. ध्वनिक्षेपक तोंडाजवळ आल्यावर आवाज फेकण्याची गरज उरली नाही. चेहरा पडद्यावर मोठा दिसू लागल्यावर हळू म्हटलेला शब्दही पुरू लागला. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस अभंग म्हणतात ते देवळाच्या ओसरीवर बसून म्हणावेत तसे. त्यातला ‘आधी बीज एकले’ हा शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेला. पण कितीतरी लोकांनी तो तुकोबांचाच धरला. श्रेय आठवल्यांच्या शब्दांचे आहेच, पण चालही तितकीच जबाबदार आहे. तिच्यात गाणाऱ्याचा आव कुठेच नाही. पुढच्याच वर्षी ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत वगळून प्रसंगातल्या नैसर्गिक आवाजांवर भागवले गेले, आणि भोळ्यांनी शांता आपटे यांच्याकडून लाँगफेलोची इंग्रजी कविता म्हणवून घेतली. चित्रपटात गाणे एकदा मुद्रित झाले की कायमचे ठरले. रंगभूमीवरच्या रचनाकाराला अशी अखेरची प्रत कधीच मिळाली नव्हती.

ध्वनिमुद्रिकेचे थोडक्यात सांगतो, कारण तिथले बंधन उघड आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे बसत. मराठी भावगीताची घडण, म्हणजे छोटा वाद्यमेळ, ध्रुवपद आणि दोन-तीन कडवी, या मापातून पक्की झाली. जोशी स्वतः गायक आणि नंतर ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातलेच असल्याने त्यांच्या आठवणी या बाबतीत मोलाच्या आहेत. गजानन वाटव्यांनी तेच भावगीत गणेशोत्सवाच्या मांडवात, रस्त्यावर बसलेल्या गर्दीपुढे नेले.

जागा बदलल्याने रचना किती बदलते याचे सर्वांत समृद्ध उदाहरण ‘गीतरामायण’ आहे. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ते सुरू झाले, १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला संपले. दर आठवड्याला एक याप्रमाणे, अधिक मास धरून ५६ गीते. ग. दि. माडगूळकरांनी प्रत्येक गीत एकेका पात्राच्या तोंडी घातले आणि सुधीर फडक्यांनी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, सुरेश हळदणकर अशा निरनिराळ्या गळ्यांना ती दिली. कौसल्या वेगळी, सीता वेगळी, राम वेगळा. रेडिओवर पात्र दिसत नाही. ते ओळखू येते आवाजाच्या जातीवरून. म्हणजे इथे गळ्यांचा निरनिराळेपणा हाच रंगमंच होता.

पुढे फडके ही गीते एकटेच जाहीर कार्यक्रमांतून गाऊ लागले आणि आयुष्यभर गात राहिले. या पायरीकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. बाईच्या पट्टीत बांधलेली गाणी पुरुषाच्या पट्टीत खाली आली. सीतेची व्याकुळता, शूर्पणखेचा संताप, शबरीचे वात्सल्य दाखवायला वेगळा गळा उरला नाही. मग पात्र उभे करायचे कशाने? एकाच आवाजाच्या वजनाने, उच्चाराने, ओळ कुठे सोडायची आणि कुठे धरायची याने. अनेक पात्रांची नभोनाट्यासारखी रचना एका कथेकऱ्याच्या हाती गेली, आणि तिला कीर्तनाची बैठक आली. महाराष्ट्राच्या श्रोत्याला ही बैठक पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची होती, म्हणूनच एकाच माणसाने सीता आणि रावणाचा भाऊ दोन्ही म्हणावे यात कोणाला काही खटकले नाही. लाखो लोकांच्या मनात आज ‘गीतरामायण’ आहे ते या दुसऱ्या रूपातले. फडक्यांचे ‘जगाच्या पाठीवर’ हे आत्मचरित्र अपुरे राहिले, ही मराठी संगीताची मोठी हानी आहे. हे स्थित्यंतर त्यांच्या तोंडून तपशिलाने ऐकायला हवे होते.

ख्यालात प्रमाण उलटे असते. बंदिश चार-सहा ओळींची, आणि गाणे तासाभराचे. म्हणून बंदिशकाराचा पहिला प्रश्न असा असतो की या ओळींतून किती वेळ बाहेर पडून परत येता येईल. प्रभा अत्रे यांनी स्वतःच्या बंदिशी बांधल्या त्यामागे हा गायिकेचा हिशेब आहे. मारुबिहागातली त्यांची द्रुत बंदिश आज तरुण मुली सर्रास गातात, यात तिच्या मोकळ्या दीर्घ स्वरांचा वाटा मोठा आहे. शब्द तोंडात अडकत नाहीत आणि ओळ कुठेही लांबवता येते. सरगम हा त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता. जिथे शब्दाचा अर्थ आड येतो तिथे स्वरनामांनी गाणे पुढे न्यायचे, ही तिची मांडणी त्यांनी पुस्तकात केली आणि मैफलीत आधीच सिद्धही केली.

इथे माझ्याच सूत्राला एक मर्यादा घालायला हवी. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठले, १९४८ च्या सुमारास ते देवासला आले आणि काही वर्षे त्यांचे गाणे थांबले. पुढच्या गाण्यातले तुटक, झपाट्याने फेकलेले स्वरसमूह अधू फुप्फुसामुळे आले, असे सर्रास सांगितले जाते. दम कमी पडल्याने वाक्य आखूड होईल, हे मान्य. त्या आखूड वाक्यात काय ठेवायचे हे फुप्फुस ठरवीत नाही. माळव्याच्या लोकगीतांतून राग शोधणे, ‘अनूपरागविलास’मधल्या बंदिशी, ‘गीतवर्षा’सारख्या कार्यक्रमांची आखणी, हे सारे विचाराचे काम आहे. गळा आणि जागा चालीची चौकट देतात. त्या चौकटीत दोन तितकेच समर्थ लोक सारखेच गातील असे मात्र नाही.

आजच्या मैफलीची जागाही आपल्या अटी घालतेच. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात डिसेंबरच्या थंडीत उघड्या मांडवात तंबोऱ्याच्या तारा चढतात. गायक षड्ज लावून बसतो आणि दहा मिनिटांत जोडीच्या तारा खुंटीवरून उतरवाव्या लागतात. घोडीवरचा जव्हारीचा दोरा केसभर सरकवला तरी नाद बदलतो. बंदिस्त सभागृहात दिव्यांच्या उष्णतेने उलटे होते. समोरच्या पेटाऱ्यातून स्वतःचा आवाज मोठा होऊन परत येत असेल तर गायक नकळत आवाज दाबतो, तो येत नसेल तर ओढतो. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर निर्बंध असल्याने एरवी मध्यरात्री गायचे दरबारी, मालकंस साडेनऊला उरकावे लागतात किंवा गायले जात नाहीत. एखाद्या गायकाच्या कारकिर्दीत अमुक राग विरळा का, याचे कारण कित्येकदा घराण्यात सापडत नाही. ते कार्यक्रमपत्रिकेवरच्या वेळेत सापडते.

हे सारे स्वरलेखनात उतरत नाही. भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’ने हजारो विद्यार्थ्यांपर्यंत चिजा पोचवल्या, पण तिथला ‘सा’ कोणाचा, तो काळी एकचा की काळी चारचा, हे लिहिण्याची सोयच त्या पद्धतीत नाही. ती मुद्दाम सर्व गळ्यांसाठी केलेली आहे. लय सांगायला ‘विलंबित’, ‘मध्य’ आणि ‘द्रुत’ एवढेच शब्द. म्हणून पट्टी, लय, जागा आणि वेळ यांचा पुरावा कलावंतांच्या आठवणींतच शोधावा लागतो, आणि तोही गाणाऱ्यांपेक्षा साथीदारांकडे अधिक असतो. गायक आपली पट्टी सांगतो. पेटीवाल्याला पन्नास गायकांच्या पट्ट्या पाठ असतात, कोण कोणत्या वर्षापासून अर्ध्या सुराने खाली आला हे ठाऊक असते, कुठल्या कार्यक्रमात कोणती चाल आयत्या वेळी बदलली ते बोटांना आठवते. टेंबे स्वतः भास्करबुवांच्या साथीला पेटीवर बसत, त्यामुळे त्यांच्या लेखनात असा तपशील जागोजाग येतो. त्यांच्यानंतर साथीदारांनी लिहिलेली पुस्तके फारच थोडी आहेत. मुलाखतकारांनी यापुढे गायकाच्या उजव्या-डाव्या बाजूला बसणाऱ्यांकडे आधी जावे, आणि जाताना ‘प्रेरणा काय?’ हा प्रश्न घरी ठेवून ‘पट्टी कोणती?’ हा घेऊन जावे.