नांदेड, १७ सप्टेंबर १९६८

उस्मानशाही मिलचा भोंगा होतो आणि तुम्ही उठता. मंगळवार आहे. वजिराबादेतलं भाड्याचं घर, दोन खोल्या आणि ओसरी. तुम्ही शाळामास्तर आहात. लेखक आहात ते घंटा होईपर्यंतच. पावसाळा सरत आलाय, भाद्रपदाचं ऊन दुपारी चटके देतं, पण पहाटे अंगावर घ्यायला चादर लागते. नगिना घाटावर आंघोळीला जाता तेव्हा गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू येतं. विष्णुपुरीचं धरण अजून व्हायचंय, त्यामुळे गोदावरी तिच्या मर्जीने वाहते. पाण्याचा गढूळपणा कमी होऊ लागलाय.

घरी कोनाड्यात संपादकांचं कार्ड आहे. दिवाळी अंकासाठी कथा, महिनाअखेरपर्यंत. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पाडलेल्या पायंड्यामुळे मराठी लेखकाचा शरद ऋतू हा असा घाईचाच. निजाम शरण आला त्याला आज वीस वर्षं झाली, म्हणून तुम्ही रझाकारांच्या दिवसांवर लिहायला घेतलंय. गोष्ट घरचीच आहे. हदगावकडून पैनगंगा उतरून, संस्थानाची हद्द ओलांडून आईवडील उमरखेडला गेले, ती. कथेत अमावास्येची रात्र आहे, कुत्री भुंकतायत, आईच्या कडेवरचं मूल रडायला लागतंय.

पितृपाठ चालू आहे आणि आज वडिलांची तिथी आहे. आई अळूची पानं चिरत बसलीय. तुम्ही तिला पहिलं पान वाचून दाखवता.

“रातीला कोण निघालतं?” ती विळीवरून मान वर न करता म्हणते. “दिवसाढवळ्या गेलो की, बाजाराला चाललाव म्हणून. रातीला गेलो असतो तर नाक्यावरच धरलं असतं. तुझ्या बापानं काखंत कोंबडं घेतलतं, इकायला चाललोय असं दिसावं म्हणून.”

तुम्हाला ते पटत नाही. दुपारच्या उन्हात कोंबडं घेऊन निघालेला माणूस दिवाळी अंकात कोण वाचणार?

जेवायला मेहुणे आलेत. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीने आले. लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका आहे. ते गंजगोलाईजवळ एका आडतीवर मुनीम आहेत. नवा मूग-उडीद आलाय, गोलाईला मिळणाऱ्या रस्त्यांवर बैलगाड्या खोळंबल्यात, असं सांगतात. सोयाबीनचं विचाराल तर तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. खीर वाढून झाल्यावर हळूच विचारतात, “दाजी, एका गोष्टीचे किती देतेत?” उत्तर बायको देते, “अंक निघाल्यावर मनीऑर्डर येती. तोवर दुकानदाराची उधारी.” मग हात धुऊन तीच कथेची सुवाच्य प्रत करायला बसते. मुलांची भांडणं सोडवत, मध्येच चहाचं आधण ठेवत.

संध्याकाळी तुम्ही पीपल्स कॉलेजकडे वळता. स्वामी रामानंद तीर्थ आणि सहकाऱ्यांनी १९५० साली काढलेलं हे कॉलेज. इथे छत्तिशीतले नरहर कुरुंदकर मराठी शिकवतात, आणि गावात त्यांच्याभोवती गप्पांचा फड जमतो. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला याच वर्षी त्यांचं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलं गेलंय. शिवाजी महाराजांवर लिहितानाही पुराव्याला धरून राहायचं, दंतकथेच्या आधाराने मोठेपणा वाढवायचा नाही, हा त्यांचा आग्रह. तुम्ही फडाच्या कडेला उभं राहून ऐकता आणि घराकडे परतता.

रात्री कंदिलाच्या उजेडात तुम्ही अमावास्या खोडता. नाक्यावरचा शिपाई कोंबड्याची किंमत विचारतो, वडील मुद्दामच जास्त सांगतात, शिपाई हसून जाऊ देतो. हे आईने आत्ता, झोपता झोपता सांगितलेलं. असलं तुम्हाला टेबलाशी बसून सुचलं नसतं. बायको काही न बोलता नवा कागद पुढे ओढते. तिला सगळी प्रत पुन्हा करायची आहे.

आता तुम्ही आजच्या काळात परत आलात. १९४८ साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज शंभरीच्या घरात आहे, म्हणजे विचारायला फार थोडे उरलेत. मराठवाड्यावर काही लिहीत असाल तर संपादकाला पाठवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. यंदाच्या दिवाळी अंकापर्यंत थांबू नका.