१८ व्या वर्षी खासदार निवडता येतो, मग कॉलेजचा प्रतिनिधी का नाही?

ब्रिटनने २०२५ मध्ये मतदानाचं वय १६ करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून आपल्याकडेही ही चर्चा निघते. त्याआधी मला १८ चाच हिशोब मांडू द्या.

डिसेंबर १९८८ मध्ये, राजीव गांधींच्या काळात, संसदेने ६१ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. २८ मार्च १९८९ पासून ते लागू झालं आणि त्याच नोव्हेंबरच्या लोकसभेला १८ ते २० वयाची पोरं पहिल्यांदा रांगेत लागली. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं.

पाचच वर्षांत उलटं घडलं. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने कॉलेजातली थेट निवडणूक गेली, मार्कांवर प्रतिनिधी नेमायला लागले. कारण दिलं हाणामाऱ्यांचं, आणि ते खोटंही नव्हतं. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली. २०१९ ला घ्यायचं ठरलं, तीही पुढे ढकलली.

म्हणजे रिसोडची, मानोऱ्याची पोरगी १८ व्या वर्षी खासदार निवडते, पण कॉलेजचा प्रतिनिधी निवडत नाही. वय १६ करा, माझी ना नाही. पण मत मागायची, हरायची, जिंकलं तर जाब द्यायची सवय पोरांना लागणार कुठे? पुढाऱ्याच्या रॅलीत झेंडा धरून?