काशीच्या भिंतींचा चुना

काशी म्हटले की मराठी मनापुढे उभे राहतात ते घाट, विश्वेश्वराचे शिखर आणि गंगेचे वळण. अहिल्याबाई होळकरांनी 1780 साली विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, नागपूरकर भोसल्यांनी आपल्या नावाचा घाट बांधला. हा सारा दगडाचा इतिहास आहे आणि तो लिहिला गेला आहे. परंतु घाटाच्या पायऱ्या चढून दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या मराठी वस्तीच्या गल्ल्यांत शिरावे, म्हणजे दुसराच इतिहास भेटतो. तो विटांचा, गिलाव्याचा आणि सफेतीचा आहे. त्याचे कर्ते गवंडी आणि रंगारी. त्यांची नावे कोणी नोंदली नाहीत.

ही जुनी घरे लाखौरी नावाच्या पातळ विटांची. त्या सांधायला चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. गंगेच्या सपाट मुलखात चुनखडीचे डोंगर जवळ नाहीत; तेथे जमिनीत सापडणारे कंकराचे खडे भाजून चुना करीत. त्यात मातीचा अंश असतो, त्यामुळे तो ओलाव्यातही घट्ट होतो. नदीकाठच्या नगराला असाच चुना मानवणार! त्यात गूळ, उडदाचे पाणी, मेथी आणि बेलफळाचा गर मिसळण्याची रीत होती. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रात चित्रासाठी भिंत तयार करण्याची जी कृती आहे, तीतही विटांची भुकटी, माती, चुना, गुग्गुळ, मेण, गूळ, तेल आणि बेलाचा गर आढळतो. ज्या बेलाची पाने विश्वेश्वराच्या मस्तकावर, त्याच बेलाचा गर भक्ताच्या भिंतीत, हा योग काशीला शोभणाराच आहे.

चुन्याचा स्वभाव एकदा ध्यानात घेतला, म्हणजे या सर्व खटाटोपाचा अर्थ लागतो. चुनखडक भाजला की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी पडले की तो तापतो, फुलतो आणि लोण्यासारखा मऊ होतो. भिंतीवर चढल्यावर तो हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषीत पुन्हा हळूहळू दगड बनतो. हे काम आतवर पोचायला महिने लागतात. तोवर भिंत नुसती ओलीच नसते, तर तीव्र क्षारयुक्त असते. अशा कोवळ्या भिंतीवर तेलाचा रंग चढवला, तर क्षार त्या तेलाचा चक्क साबण करून टाकतो. रंग चिकट होतो, फुगतो आणि त्याचे पोपडे निघतात. प्रशियन निळा रंग अशा भिंतीवर तपकिरी पडतो. गेरू, पिवडी, काजळी मात्र टिकतात, कारण माती आणि कोळसा चुन्याला भीत नाहीत.

म्हणून नव्या गिलाव्याला पहिला हात सफेतीचाच. ती चुन्याच्याच जातीची असल्यामुळे गिलाव्याशी भांडत नाही, उलट त्याच्याबरोबरच मुरते. फुललेला चुना फडक्यातून गाळावा, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालावी, भिंत झाडून पाण्याने ओलवावी आणि दुधासारखे पातळ तीन हात द्यावेत. पहिला हात इतका पातळ दिसतो की घरधन्याला आपण फसलो असे वाटते. वाळता वाळता तो पांढरा होत जातो. जाड हात देण्याची घाई करणाऱ्याची सफेती कपड्यांना लागते, हा अनुभव घरोघरचा आहे.

आता या सफेतीवर काशी काय करीत असे ते पाहा. बिशप हेबर 1824 च्या सप्टेंबरात काशीला आला होता. 1828 साली छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तांतात गल्ल्यांतील उंच घरांचे वर्णन आहे; त्यांच्या दर्शनी भागांवर भडक रंगांत फुलदाण्या, स्त्रीपुरुष, बैल, हत्ती आणि देवदेवता रंगवलेल्या पाहून तो थक्क झाला. पाहुण्याच्या नजरेत थोडा उपहास आहे, पण नोंद मोलाची आहे. लग्नघराच्या दाराशी दोन्ही बाजूंना गणपती, पूर्णकलश, हत्ती, मासे, केळीचे खांब रंगवण्याची आणि वधूवरांची नावे लिहिण्याची चाल काशीत पुढेही राहिली. हे काम कुंभार आणि नक्काश मंडळींचे.

मला यात कालगणनेची मौज वाटते. पावसाळा सरतो, गंगेचा पूर ओसरतो, भिंतींची डागडुजी होते, दिवाळीला सफेती होते. आणि कार्तिकी एकादशीला देव उठले की लग्नसराई सुरू होते. चिताऱ्याला जी कोरी, शुभ्र पाटी हवी, ती पंचांगच तयार करून देते. पुढच्या दिवाळीला तीच सफेती ते चित्र झाकून टाकते. चित्र टिकावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

विसाव्या शतकात सिमेंट आले, मागोमाग ऑइलपेंट आले. नवे घर सिमेंटचे असेल तर हरकत नाही; त्यालाही निदान सात दिवस पाणी मारावे आणि तेलरंगापूर्वी पुरते वाळू द्यावे. कारण त्याचा क्षारही चुन्याइतकाच तिखट असतो. खरी अडचण जुन्या भिंतीची आहे. काशीत गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर, 1978 साली ती 73.901 मीटरांवर गेली होती. अशा पुरात भिजलेली लाखौरी विटांची भिंत चुन्याच्या गिलाव्यातून सावकाश श्वास टाकीत वाळते. तिच्यावर सिमेंट थापून वर तेलरंग दिला, म्हणजे ओल आत कोंडते, क्षार वर सरकतात, लोणा लागतो आणि वीट आतून भुगा होऊ लागते. घरधनी मग आणखी सिमेंट आणतो.

त्याला दोष देणे सोपे आहे. पण चुना मुरवायला महिने हवेत, बेलाचा गर आणि सुरखी जमवणारा गवंडी हवा, आणि दरवर्षी कुंचा हाती घेणारे घरातले हात हवेत. भाडेकरू आणि वारसदार यांच्यात वाटल्या गेलेल्या वाड्यात हे कोण करणार? दारावरच्या हत्तींची जागाही आता छापील फलक घेत आहेत. तरीही एखाद्या गल्लीत सफेतीचे पोपडे उडालेल्या जागी थरांची कड दिसते, वहीच्या पानांसारखी. त्या पानांमध्ये गेरूची तांबडी रेघ असते: कोणाच्या तरी लग्नातला गणपती किंवा हत्तीची सोंड.