ग्रीनलंड एवढे मोठे का दिसते?

आपल्या वर्गातल्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते का? प्रत्यक्षात आफ्रिका खंड त्याच्या सुमारे १४ पट आहे. मग १५६९ साली या पद्धतीचा नकाशा काढणारा मर्केटर चुकला? नाही. त्याचा नकाशा खलाशांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग त्यावर सरळ रेषेत येतो. त्यासाठी रेखावृत्ते समांतर काढली, तेव्हा ६० अंश अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर दुप्पट ताणले गेले. कोन बिघडू नयेत म्हणून उत्तर-दक्षिणही तेवढेच ताणावे लागले. क्षेत्रफळ झाले चौपट! या ताणाची कोष्टके एडवर्ड राइटने १५९९ साली छापली. गोलाचा सर्वस्वी अचूक सपाट नकाशा अशक्यच, हे गाउसच्या १८२७ च्या सिद्धांतावरून कळते. खलाशांचे साधन भिंतीवर लावून आपण मात्र त्यावरून देशांचे आकार शिकवत आलो.