चॅनल-गुणवत्ता मापन (बिनतारी)

बिनतारी संदेश वाटेत किती क्षीण व विकृत झाला आणि त्यात गोंगाट व परक्या लहरींची भेसळ किती, याचा ग्राहीने बांधलेला अंदाज. मोबाइलवरील दांड्या मुख्यतः पोहोचलेली शक्ती दाखवतात, गुणवत्ता नव्हे. किती शक्तीला किती दांड्या, याचा सामाईक नियमही नाही. ‘रेंज फुल्ल, पण आवाज तुटतो’ ही तक्रार म्हणूनच अनाठायी नसते. शक्ती पुरेशी असूनही शेजारच्या टॉवरची त्याच कंप्रतेवरील लहर स्पष्टता खाते.

इतिहास : मुंबई–इंग्लंड बीम (एका दिशेने रोखलेल्या लहरींची) तारसेवा १९२७ साली सुरू झाली. तिचे प्रेषण खडकीहून होई आणि ग्रहण दौंडला. आपल्याच प्रेषकाचा दणका ग्राहीला बसू नये म्हणून अशी केंद्रे दूर ठेवत. ग्रहणाचा दर्जा सांगण्यासाठी पुढे रूढ झालेल्या ‘सिन्पो’ संकेतात ऐकणारा शक्ती, व्यत्यय, गोंगाट, प्रसारणातील चढउतार व एकूण दर्जा यांना १ ते ५ गुण देई.

पद्धती : चौथ्या पिढीत (एलटीई) टॉवर मजकुरात ठरावीक अंतराने दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असलेली पथदर्शी चिन्हे पेरतो. आलेल्या चिन्हाला मूळ चिन्हाने भागले की त्या जागेचा चॅनल कळतो. मधल्या जागा अंतर्वेशनाने भरतात. फोन त्यावरून ० ते १५ असा ‘सीक्यूआय’ (चॅनल-गुणवत्ता निर्देशांक) अंक टॉवरला कळवतो. चुकीच्या गठ्ठ्यांची शक्यता १०% पलीकडे जाणार नाही एवढाच वेग मागायचा, हा निकष.

अंदाजाचे वय : पाठ्यपुस्तके गणिती अचूकतेवर पानेच्या पाने खर्चतात, प्रत्यक्षात खरी अडचण शिळेपणाची. उदाहरणार्थ, सुरतजवळ कडोदरा चार रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि बारडोलीचा रस्ता एकमेकांना छेदतात. महामार्गावर ताशी ६० किमी वेगाने जाणाऱ्या ट्रकमधला फोन १८०० मेगाहर्ट्‌झवर असेल, तर तरंगलांबी सुमारे १६.७ सेंमी आणि कमाल डॉप्लर विचलन १०० हर्ट्‌झ. असा चॅनल जेमतेम ४ मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात ट्रक ७ सेंमीही सरकत नाही. फोनचा अंक टॉवरला पोहोचून त्यानुसार पाठवणी होईपर्यंत एवढा वेळ सहज जातो, म्हणून क्षणिक अंकापेक्षा सरासरीवर विसंबणे बरे. चौकातल्या सिग्नलला थांबलेल्या फोनचा चॅनलही गोठत नाही, कारण शेजारून सरकणारे कंटेनर परावर्तने बदलत राहतात.

चेताजाल (न्यूरल नेटवर्क)-आधारित अंदाज : प्रशिक्षणाबाहेरच्या परिस्थितीत तो कितपत टिकतो, याबाबत मतभेद आहेत.

उपग्रह दुवे : भूस्थिर उपग्रहामार्गे एका दिशेने संदेश पोहोचायलाच सुमारे पाव सेकंद लागतो, म्हणून जलद चढउतारांसाठी शक्ती आगाऊ राखून ठेवतात.